हात कुणाचा

अहमदपूर
१८ ऑगस्ट २०२५, शेवटचा श्रावणी सोमवार

चि. बजरंग यास,

आम्ही घरी ठीक आहोत. आताच महादेवाला बेल वाहून आले. उपास आहे, म्हणून जिभेला आवर घालून लिहिते. आशीर्वाद सुरुवातीला लिहीत नाही, शेवटी बघू.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू हसतोस. काल विचारलं, तुझ्या पेजवरचं खाजाभाई बांगडीवाल्याचं ते चित्र काय आहे, तर म्हणालास, "आई, मीम आहे. जोक. लई सिरियस घेऊन राहिलीस तू." कागदावर हसरं तोंड चिकटवता येत नाही. म्हणून कागद, तोही पाठकोरा. तुझ्या जोकवर याहून जास्त खर्च करायचा नाही.

परवा बाजारात खाजाभाई पोत्यावर बांगड्या मांडून बसले होते. तुझ्या आत्याचा गोलू चार पोरं घेऊन आला. "काय चाचा, आज हात धरला, उद्या घर?" चित्रावर तू लिहिलेलंच वाक्य, शब्दाला शब्द. पोरं हसत होती. हसत हसतच एकानं लाथ घातली. सगळा माल चिखलात. मी ओरडले तर गोलू म्हणतो, "मामी, जोक केलाय हो!" खाजाभाई काचा वेचत म्हणाले, "जाने देव बाई, बच्चे हैं." बोटातून रक्त येत होतं.

बच्चे! विशीतले घोडे.

गोलूच्या हातातून मोबाईल ओढला. चित्राखाली कुणी विचारलेलं, "भाऊ, खरंच का?" तू लिहिलंस, "समजून घे", पुढं हसरं तोंड. हो म्हणाला असतास तर खोटं बोललास म्हणून कान पिळला असता. नाही म्हणाला असतास तर जोक मानला असता. तू मधेच हसत उभा राहिलास आणि लाथ दुसऱ्यानं मारली.

फोटो आपल्या घरातल्या ऋतुजाच्या लग्नातला, बांगड्या भरतानाचा. म्हातारा बाईचा हात दाबून धरतोय, बाईचं तोंड कापलेलं. अरे, हात दाबल्याशिवाय बांगडी चढते का? भरून झाल्यावर त्यांनी प्रत्येकीला एक बांगडी आशीर्वादाची म्हणून वर घातली. आम्ही वाकून नमस्कार केला. तो नमस्कारही तू कापलास.

फोटोतल्या त्या मनगटावर कढईनं भाजल्याची खूण आहे. मी माझा हात मोबाईलशेजारी धरला. गोलूचं हसू गेलं. "मामी, तुमचा?" मग हळूच, "बजरंगदादाला माहीत हाय का?"

काल तेच विचारायला फोन केला होता. तू हसलास, मी ठेवून दिला.

महालक्ष्म्यांच्या आधी ये. त्या दिवसापासून खाजाभाई बाजारात आलेले नाहीत. तू आणि गोलूनं त्यांच्या घरी जायचं, पाया पडायचं, त्यांना त्यांच्या जागेवर आणून बसवायचं. ते आले तर भर बाजारात त्यांच्याच हातून मी बांगड्या भरीन. फोटो तू काढ, माझ्या तोंडासकट, नमस्कारासकट. पेजवर टाक. कुणी विचारलं, खरंच का, तर हो लिही.

त्याआधी मला उत्तर पाठव. तो हात माझा हे तुला माहीत होतं का? आणि नव्हतं, तर दुसऱ्या कुणाची आई चालली असती का?

आशीर्वादाची जागा खाली कोरी सोडली आहे.

जिचं तोंड कापलंस ती,
तुझी आई
सिंधु