पल्लवीच्या गुडघ्याचा भाव

सोम., ४
जेवताना सुधीरने मोबाईल पुढे केला. "तू रग्बी खेळली ना? मंग सांग, हे १.२५ आन् ४.०० म्हणजे काय?" लग्नाला अकरा वर्षं झाली. नवऱ्याने माझ्या खेळाबद्दल आज पहिल्यांदा विचारलं. खूश झाले, मूर्खासारखी. मुलींची आशियाई स्पर्धा, रविवारी बाद फेरी. आपल्या संघाचा भाव चार, जिंकल्या तर रुपयाचे चार मिळतात. म्हणजे सट्टेवाल्यांच्या मते जिंकायची शक्यता चारात एक. समोरच्यांचा भाव सव्वा, म्हणजे शंभरात ऐंशी.

मंगळ., ५
मधल्या सुटीत कागदावर मांडलं. ऐंशी आणि पंचवीस, एकशे पाच. शंभरावरचे पाच कोणाचे? ज्याचं दुकान त्याचे. कोणीही जिंको. घरी दाखवलं तर सुधीर म्हणे, "इतकं कोन पाहून राहिलं? आतली खबर असली का गणित लागत नाही." मग गोडीत, "पल्लवीले फोन कर ना. शुभेच्छा दे."
केला. मोहाडीची पोरगी, शाळेत मीच तिच्या हातात पहिला चेंडू दिला, आता देशाकडून खेळते. गुडघा दुखतो म्हणाली. "कोनाले सांगजा नोका, मॅडम." स्पीकर चालू होता. सुधीर बाजूलाच.

गुरु., ७
आपला भाव सहावर गेला, म्हणजे जिंकायची शक्यता आणखी घटली. मी चकित, तर हा मिरवत सांगतो: गुडघ्याचं लाखनीच्या सट्टेवाल्याला कळवलं, आणि त्याआधी स्वतः समोरच्या संघावर पैसे लावले.
"तिचा गुडघा विकला तुमी."
"विकला काय! खबर हाय ते. तू कायले तापून राहिली?"
ताट तसंच ठेवून उठले.

शुक्र., ८
पल्लवीचा फोन. तिला अनोळखी नंबरवरून कोणी विचारलं, गुडघा कसा आहे, सामन्यातून लवकर बाहेर येशील का, तुझा फायदा करून देऊ. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.
"मॅडम, मी फक्त तुमालेच सांगतलं होतं."
"सांभाळून खेळ" म्हणून फोन ठेवला. सुधीरचं नाव का नाही सांगितलं मी!

शनि., ९
संघाच्या प्रशिक्षकांना सगळं लिहिलं. नवऱ्याच्या नावासकट. पल्लवीलाही तेच पाठवलं. तिचं उत्तर नाही.
सुधीरलाही सांगितलं. तो दारात उभा. "घरचं बाहेर काहून काढतं? मले पोलीस नेतीन!"
"नेऊ द्या."
आईकडे निघून जा म्हणाला. घर माझ्याही पगारावर उभं आहे. कुठेही जात नाही.

रवि., १०
टीव्हीवर सामना सुरू. पल्लवी राखीव बाकावर. गुडघ्यामुळे, की माझ्या पत्रामुळे? कोणी सांगत नाही. अर्धा खेळ झाला, आपल्या मुली पाच गुणांनी पुढे. आतल्या खोलीत सुधीर मोबाईलवर बघत आपल्याच पोरींना शिव्या घालतो आहे. दार लोटून घेतलं.
आता पल्लवी उठली. रेषेबाहेर धावून पाहते आहे, जरा लंगडत. प्रशिक्षक तिच्याशी बोलताहेत. ती मान हलवते, पण हो म्हणून की नाही म्हणून, इथून काही कळत नाही.