एकही पब्लिक हाऊस चुकवणार नाही

२ एप्रिल १९७८, रविवार
ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंड, सायकलवरून. हिचा भाऊ चंदर तिकडे कारखान्यात आहे, त्याने सायकलवाल्यांचा नकाशा पाठवलाय. बाथपासून ऑक्सफर्ड, पुढे केंब्रिज. शेतं, जुनी चर्च, जुनी गावं. बाथला आंघोळीची सोय असणार, हे उघड आहे.
सुमनला सांगितलं. म्हणाली, आधी भाजी आणा. या घरात मोठा विचार करायची सोय नाही.

५ एप्रिल
नकाशावर गावोगावी 'पी. एच.' छापलंय. कोपऱ्यात खुलासा सापडला: पब्लिक हाऊस. म्हणजे सार्वजनिक घर. वाटसरूला उतरायला गावाने बांधलेलं. याला म्हणतात सुधारणा! आमच्या कॉलनीत पाहुणा आला तर त्याच्या चपला जातात.
सुमन म्हणाली, शेजारच्या निवृत्ती मास्तरांना अर्थ विचारून घ्या, ते इंग्रजी शिकवतात. त्या खवट माणसाला विचारू? मी पॉवर स्टेशनचा हेडक्लार्क आहे. रोज इंग्रजीत टिपणं लिहितो.

९ एप्रिल, रविवार
पहाटे पाच : आज रंगीत तालीम. येवल्यापर्यंत जाऊन यायचं.
सकाळी दहा : निघालो. चहा उशिरा मिळाला. मुद्दाम.
दुपारी : वारा समोरून. एकलहऱ्यापर्यंत गेलो, म्हणजे ऑफिसपर्यंत. सायकल शिफ्टच्या बसवर टाकून परत आलो. ड्रायव्हर खंडेराव म्हणाला, सायेब, रोज तुमी एकलेच येता, आज सायकलीला बी फिरवून आणली व्हय? सगळी बस हसली. उद्या त्याचा रिपोर्ट करणार.

१६ एप्रिल, रविवार
तालीम रद्द. गुडघा. शिवाय इंग्लंड थंड, नाशिकरोडच्या उन्हात सराव करणं शास्त्रीय नाही.
त्याऐवजी हँडलवर पाटी रंगवून लावली. 'नाशिकरोड ते इंग्लंड. मुक्काम : पब्लिक हाऊस.' मास्तराने दोनदा वाचली आणि तोंडाला रुमाल लावून घरात पळाला. जळतो.
संध्याकाळी धोंडीराम आडवा आला. कॉलनीतला नामांकित दारूडा. हँडल धरून म्हणतो, मला बी न्या ना. त्याला तिथेच पाचवं शील ऐकवलं, मद्यापासून दूर राहण्याचं. यापुढे या माणसाशी बोलणार नाही, हा निश्चय.

२३ एप्रिल, रविवार
माझा सत्कार! येत्या रविवारी, महिला मंडळातर्फे, विहारात. हे मंडळ दारूबंदीचं. भिमाबाई अध्यक्ष, सुमन चिटणीस. सुमननेच शब्द टाकला. लग्नानंतर या बाईने माझ्यासाठी केलेलं पहिलं काम. आईने दिलेली येवल्याची पैठणी नेसणार म्हणे. मी भाषण तयार करतोय, त्यामुळे सायकलला वेळ नाही.

३० एप्रिल, संध्याकाळ
भिमाबाईंनी हार घातला. मी बोललो. उत्तम बोललो. म्हणालो, मार्गावरचं एकही पब्लिक हाऊस चुकवणार नाही. रोज संध्याकाळी तिथेच. परत आल्यावर या कॉलनीतही एक उघडीन, आणि माता-भगिनींनीच ते चालवावं.
टाळ्या. पुढच्या रांगेत मास्तराचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, हेवा आवरेना, रडतोय. तर हा उठला, माईकवर आला आणि म्हणाला, पब्लिक हाऊस म्हणजे गुत्ता, दारूचा गुत्ता. एका वाक्यात काम तमाम. पाटी वाचल्यापासून पंधरा दिवस हे पोटात ठेवून बसला होता, हलकट.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भिमाबाईंचा नवरा दारूनेच गेला. त्या उठल्या, माझ्या गळ्यातला हार काढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, असू द्या, उद्या बुद्धाला वाहू.
सुमनकडे बघवेना. पैठणी चोळामोळा करून तिने ट्रंकेत टाकली. म्हणाली, मास्तरांना विचारा म्हटलं होतं. बास, एवढंच. चिटणीसपद आपणहून सोडून आली. मला फार वाईट वाटतंय. चूक सर्वस्वी चंदरची आहे.

१ मे, सुट्टी
सुमन बोलत नाही. भिमाबाई बघत नाहीत. मास्तर गॅलरीतून नमस्कार करतो, तो मी घेत नाही. पोरं ओरडतात, पब्लिक हाऊस आलं रे!
सकाळी दारात धोंडीराम. चक्क आंघोळ करून आलेला. विचारतो, सायेब, निघायचं कधी? माझ्या इंग्लंडबद्दल मला कुणी विचारलं, ते यानेच. मी म्हटलं, बसा. चहा मीच केला.
म्हणाला, तुमी कॅरियरवर बसा, सायकल मी हाणतो, पब्लिक हाऊस आलं की तेवढं मला सांगा.
चढावर मला उतरवणार नसेल, तर विचार करायला हरकत नाही.