आपल्या देव्हाऱ्यातली इजिप्तची आई

अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही. पंचेचाळीस वर्षं ‘अहो’ म्हणत आले, आता तुम्ही गेल्यावर कुठे नावाने हाक मारू? तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले आहे कारण मला तुमच्याशी भांडायचंय. समोर असतात तर हातात चहाचा कप देऊन भांडले असते.

सकाळी हेतल आली होती. तुमच्या हाताखाली ड्रॉइंग शिकलेली, आता तुमच्याच पुरातत्त्व डिपार्टमेंटमध्ये शिकवते ती. तुमची जुनी रेखाटनं कपाटात पिवळी पडण्यापेक्षा तिकडे नीट राहतील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ने बाई. दोघी जमिनीवर बसून एकेक गुंडाळी सोडत होतो. खापरं, विटा, मणी, पुन्हा खापरं. मला तर सगळी सारखीच दिसत होती. आणि एका गुंडाळीतून आपली जिवती निघाली!

आपली म्हणजे आपली. देव्हाऱ्यातली. समोरून, पाठून, दोन्ही बाजूंनी, अशी चार वेळा काढलेली. मांडीवरचं बाळ, छातीशी धरलेला हात, डोक्यावरची दोन शिंगं आणि मधली तबकडी. खाली पेन्सिलीने तुमचं ते मुंगीएवढं अक्षर: “इजिप्तची माता, मांडीवर मूल. गोरवा, पाया खणताना. आईला आणि सुधाला सांगू नये. निदान आत्ता नाही.”

तारीख आपल्या लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणातली. म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं! आणि मला कळायला तुम्हाला जावं लागलं?

हेतल चित्र बघायची आणि देव्हाऱ्याकडे बघायची. शेवटी म्हणाली, “आंटी, आ तो ए ज छे! ही तर तीच!” मग पदराने धरावं तशी ओढणीने धरून तिने मूर्ती खिडकीपाशी नेली. मी मामंजींची गोष्ट सांगितली. ते ओव्हरसिअर होते, गोरव्याला कारखान्याच्या शेडचा पाया खणत होते, तिथे मातीच्या ढेकळातून ही निघाली. घडियाळी पोळमधल्या, त्या जुन्या गल्लीतल्या घरी आणून नळाखाली धुतली, तर सासूबाई ओरडल्या, “अगं बाई, ही तर जिवती!” मांडीवर मूल, पाजायला धरलेलं. आणखी कोण असणार? आपल्याकडे तरी दुसरं कोणाच्या मनात आलं असतं? झालं, त्याच शुक्रवारी देव्हाऱ्यात बसली. शिंगांना सासूबाई चंद्रकोर म्हणायच्या.

हेतलने तिचं खरं नाव तीनदा सांगितलं, माझ्या जिभेवर काही बसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भरुचला जहाजं यायची, त्यातल्या कोणा खलाश्याने नाहीतर व्यापाऱ्याने सोबत आणली असेल म्हणाली. पुढे तो माणूस कुठे गेला, ती इथे मातीत कशी राहिली, कोणालाच ठाऊक नाही. तिच्या गावी तिची मोठाली देवळं होती म्हणे. इकडे मात्र तिला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं.

मग तिने विचारलं, “आंटी, ही इतकी चकाचक कशी?” मी सरळ सांगितलं, चिंच आणि रांगोळी. दर सणाला. बिचारीचा चेहरा पडला! “आंबलीथी घस्युं? चाळीस वरस?” बैठकीवर काहीतरी कोरलेलं होतं, तुमच्या चित्रात दिसतं. मूर्तीवर आता त्याची एक रेघही नाही. नाक गेलं, बाळाचे डोळे गेले. सासूबाई घासायच्या आणि त्यांच्यानंतर मी घासायचे, काय दणदणीत घासायचे! आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसायचात. विद्यार्थ्याने खापराला नुसतं नख लावलं तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही! कसं बघवलं हो तुम्हाला?

तुमच्या नावावर एक शोध लागला असता. पेपरात फोटो आला असता. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढलीत, एक पुस्तक तुमचं झालं असतं. हेतलही तेच म्हणाली. मला मात्र तो श्रावण आठवत होता.

मला सातवा लागला होता. दर शुक्रवारी सासूबाई मला पाटावर बसवायच्या, दूध-साखर, फुटाणे, आघाड्याची माळ. आघाडा तुम्ही आणायचात, खोदकामाच्या टेकाडावरून, पँटला कुसळं चिकटवून. तुम्ही देवाला साधा हात जोडत नव्हता, पण माळ तेवढी आणायचात. आणि मी त्या बाईला विनवायचे, माझं सुखरूप होऊ दे, मूल जगू दे. तुम्हाला ठाऊक होतं मी कोणापुढे पदर पसरतेय. तेव्हा नाही सांगितलंत, ते मी समजू शकते. पोटुशीला कोण सांगेल?

पण नंतर?

आपली मुलगी नऊ दिवस जगली. बारसंसुद्धा झालं नाही, त्यामुळे तिला नावही नाही. घरी आल्यावर मी जिवतीला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. “एक पोर राखता आली नाही, कसली जिवती!” असं मोठ्याने ओरडले, सासूबाईंसमोर. तुम्ही म्हणालात, “सुधा, ऐक, ही मूर्ती मुळात...” आणि मी म्हटलं, मला एक शब्द ऐकायचा नाही. तुम्ही खरंच परत कधी बोलला नाहीत. इतकं कसं ऐकता हो बायकोचं? एरवी तर कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी आणायचात!

दिवसभर विचार करतेय. सांगितलं असतंत तर मी तिला घरातून काढली असती. कुठेतरी विहिरीत टाकली असती. तुम्ही तिला माझ्यापासून वाचवलंत की मला? रागवायला मला कोणीतरी हवं होतं, ते तुम्ही काढून घेतलं नाहीत, असंच ना?

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. आपण पोळ सोडून मकरपुऱ्याच्या या फ्लॅटमध्ये आलो. इथे पहिल्या श्रावणात बघते तर तुम्ही देव्हाऱ्यापुढे! जिवतीचं तोंड सरळ केलेलं, आघाडा घातलेला. मी किती कुत्सितपणे बोलले, “आता तुम्ही भक्त झालात वाटतं?” तुम्ही म्हणालात, “एकटी आहे बिचारी.” मला वाटलं, चिडवताय.

आणि आता ते लिहिते, जे मी कधी बोलले नाही.

त्या शुक्रवारी बाल्कनीत अक्षता पडलेल्या होत्या. चारी कोपऱ्यांत. मी झाडू घेऊन आले आणि तुमच्यावर डाफरले, तांदूळ सांडून ठेवलेत, मुंग्या होतील. तुम्ही म्हणालात, “पडले असतील हातातून.” दर वर्षी पडायचे. दर वर्षी मी झाडायचे. मुंग्यांचं नाव करून.

अहो, मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मूल गावाला असलं, परदेशी असलं, डोळ्यांसमोर नसलं, की आई चारी दिशांना अक्षता टाकते, जिथे असेल तिथे त्याला पोचाव्यात म्हणून. माझ्या आईला मी टाकताना पाहिलंय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तुम्ही कोणासाठी टाकता. कळलं म्हणूनच ओरडले. मी जिला विसरायला बघत होते, तिला तुम्ही दर वर्षी ओवाळत होता. आणि मी ते तुमच्यासमोर सुपलीत भरून कचऱ्यात टाकत होते. एकदाही तुम्ही माझा हात धरला नाहीत. धरायचा होता हो! मी रडले असते, भांडले असते, पण आपण दोघांनी मिळून टाकल्या असत्या.

आता या घरात कोण आहे? शेजारी चांगले आहेत, “केम छो, मासी” म्हणतात, ढोकळा आणून देतात, आणि आपापलं दार लावून घेतात. पूर्वी तुमचा खोकला तरी होता. दिवसभरात मराठी शब्द कानावर पडत नाही. मीच देव्हाऱ्यापाशी बसून बडबडते, दूधवाला आला नाही, गुडघा दुखतो, आमटी खारट झाली. माझं मराठी ऐकणारी घरात एकच उरली होती, आणि ती निघाली इजिप्तची!

म्हणून हेतलने जेव्हा विचारलं की मूर्ती म्युझियममध्ये द्याल का, तेव्हा माझ्या तोंडून पटकन ‘नाही’ निघालं. तरी ती फॉर्म ठेवून गेली. शनिवारी येते म्हणाली, विचार करून सांगा.

ती गेल्यावर मूर्ती हातात घेऊन खूप वेळ बसले. किती झिजलीय हो ती! आपल्या प्रेमानेच झिजली, पण झिजली. मी अशी एकटी. उद्या मी गेले की घर रिकामं करणारे कोणीतरी तिला जुन्या पितळेत घालतील. मला तेवढं नको. तिचं खरं नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यात तिने राहावं. तुमचं चित्रही तिच्या शेजारी लागेल, हेतलने जाताना तेवढं कबूल केलंय. मला एकटं राहायची भीती वाटते, खूप वाटते, पण त्यासाठी तिला डांबून ठेवणार नाही.

फॉर्म मी भरला. “वस्तू कोणत्या वापरात होती?” असा रकाना आहे. मी लिहिलं, ‘जिवती म्हणून पूजेत. आधी सासूबाई, मग मी, आणि सर्वांत जास्त वर्षं माझे यजमान.’ त्याखाली मात्र तुमचं नाव लिहावंच लागलं. आडनावासकट लिहिलं.

परवा श्रावणातला शेवटचा शुक्रवार. पुरण घालणार आहे. मूर्तीला चिंच लावणार नाही, नुसतं पाणी, तेही हेतलला फोन करून विचारून. मी सवाष्ण नाही, लेकुरवाळी नाही, तरी पाटावर बसणार आहे. आणि तुम्हाला शब्द देते, पूजा झाली की बाल्कनीत जाऊन अक्षता मी टाकीन. चारी दिशांना. आपल्या पोरीसाठी आणि तुमच्यासाठी. गेलेल्यांना अक्षता टाकत नाहीत म्हणे. नसतील टाकत. मला अडवायला घरात आहेच कोण?

आणि अहो, या वेळी मी त्या झाडणार नाही.

तुमची,
सुधा