आठाचं झाड

२ मार्च
आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीला निळे पडदे, टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले. पहिल्याच नोकरीत एवढं सुख मिळावं याची मला लाजच वाटली. घरात आजोबा, मालक, मालकीणबाई, मालकांची बहीण (सगळे त्यांना आत्याच म्हणतात), स्वयंपाकीण आणि माझी विद्यार्थिनी. तिला टिल्ली म्हणतात. वय दहा, बोलणं चाळिशीचं. आजोबांनी मला पाहताच सगळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, सात झालो, आता सुखानं जेवू. मला वाटलं, टेबलाच्या खुर्च्यांबद्दल बोलताहेत.

४ मार्च
टिल्लीला मूळ अवयव शिकवायला घेतले. मी शाळेत उशिरा गेले. गणित बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसवून शिकवलं, तसंच मी शिकवते. संख्या वर लिहायची, तिला दोन फांद्या फोडायच्या. फांदीवरची संख्या फुटत असेल तर पुन्हा फोडायची. एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कुणीच भागत नाही, तिथे थांबायचं. ती मूळ संख्या. साठचं झाड टिल्लीनं सहा-दहापासून काढलं, मी चार-पंधरापासून. खाली दोघींकडेही दोन, दोन, तीन, पाच. ती म्हणाली, म्हणजे कुठूनही तोडा, तुकडे तेच. किती नेमकं बोलली.

६ मार्च
मालकीणबाईंचे भाऊ न कळवता आले. हसरे गृहस्थ. त्यांना आवारातल्या कोठीत उतरवलं आहे, जेवणही तिकडेच. सख्ख्या भावाला असं? आत्यांना विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही आपलं शिकवण्याचं बघा.
दुपारी मामा खिडकीबाहेर ताटकळत उभे होते. मला राहवेना, आत बोलावलं. आम्ही बटणांनी झाडं मांडत होतो. टिल्लीनं घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण ठेवलं होतं आणि सात काही फुटेना म्हणून कुरकुरत होती. मामांनी कोटाचं बटण तोडून पुढे सरकवलं. म्हणाले, मी काय परका आहे, मलाही धरा की. आठ झाले. मी चार-चार केले, मग दोन-दोन. दोन ही मूळ, इथे थांबायचं, असं सांगितलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं.
नंतर कळलं, दोन पडली होती. एक आत्यांच्या हातून, एक स्वयंपाकिणीच्या. एकाच क्षणी.

७ मार्च
जेवताना मालक आणि मालकीणबाई यांचे घास एकदमच तोंडाशी जात होते. आजोबा टेबलाशी आणि मामा तिकडे कोठीत, एकदमच खोकले. टिल्ली हसली. मग लक्षात आलं की मीही हसले होते, आणि मला हसू आलेलं नव्हतं.
आत्यांनी शेवटी सांगितलं. त्या बोलत असताना स्वयंपाकिणीचे ओठही तसेच हलत होते. हे घर माणसांना वाटून टाकतं. संख्या फुटणारी असली की वाटतं, आणि एका वाट्याला आलेली माणसं हळूहळू एकसारखी होतात. म्हणून सात हवेत. माळी सोडून गेला, सहा उरले, म्हणून मला बोलावलं. शिकवणी आपली नावाला. वर म्हणाल्या, आम्ही निदान घराला फोडून दाखवत नव्हतो हो, बाई.

८ मार्च
बटणं पुन्हा एकत्र केली. काही उपयोग नाही.
मामा परत जायला निघाले. आजोबा अनवाणी त्यांच्या मागे, पावलाला पाऊल. दोघं फाटकाबाहेर गेले आणि आत आम्ही सहा. सहासुद्धा फुटतो. माझ्या गुडघ्यात आत्यांच्या गुडघेदुखीची कळ आली — मालकांनी त्या दोघांना ओढून आत आणलं, तेव्हा थांबली.
जोडीतलं एकच जायला हवं. एक गेलं की दुसरं निघतं.

९ मार्च
चहानं माझं बोट भाजलं. फोड टिल्लीच्या बोटावर.
संध्याकाळी ती बाबांच्या ओट्याबद्दल बोलली. कडेच्या तड्याबद्दलही. मी तिला तो कधी सांगितला नव्हता. आणि स्वतःच्या आईला ती मालकीणबाई म्हणाली. आई रडली. मालकही, तेवढंच.

१० मार्च
मी जायचं ठरलं. टिल्ली मागे आली नाही तर सात उरतील, सातला कुणी फोडू शकत नाही, टिल्ली पुन्हा टिल्ली होईल. मालक आणि मालकीणबाई तिला धरून ठेवणार होते. पण दोघंही तिचा उजवाच हात धरतात. डावा मोकळा. फाटकाशी पोहोचले तर ती शेजारी.
तिनं विचारलं, बाबा कधी येणार. तिचे बाबा समोर उभे होते. तिला माझे हवे होते.

११ मार्च
मी ठरवते आणि तिला कळतं. म्हणून ठरवायचंच नाही.
ती समोर बसली आहे. लिहिते आहे. माझा पेन थांबला की तिची पेन्सिल —
उठले. तीही उठली.
बसले.
म्हणाली, तुम्ही थांबा, मी जाते. हे मी म्हणणार होते. तिचा आवाज आता — नाही, तो विचार नको.
पुन्हा. तिच्या आईसाठी. काही न ठरवता, नेहमीसारखं लिहीत राहायचं, वाक्याच्या शेवटपर्यंत जायचं आहे असं तिला वाटू द्यायचं, आणि मध्येच