माझ्या चित्रातल्या सुरकुत्या

प्रिय रुचि,

तुझा मेसेज वाचला आणि दिवसभर फोनला हात लावला नाही. ‘माझ्या मम्मीची हिंमत बघा’ असं लिहून तू माझ्या चित्राचा फोटो सगळ्यांना पाठवलास. अगं, कसली डोंबलाची हिंमत!

जालन्याच्या प्रदर्शनात स्वतःचंच चित्र द्यायचं ठरलं, तेव्हा मी आरशापुढे बसले. रंगात भिंतीची पुट्टी कालवून जाड थर द्यायचा आणि ओला असतानाच सुरीनं त्यात सुरकुत्या कोरायच्या, असं डोक्यात होतं. पण मी पडले दर पंधरवड्याला केस काळे करणारी. आरशात गळ्याकडे नजर गेली की मान आपोआप वर व्हायची. केलेलं सगळं खरवडून काढायचे आणि नुसती बसून राहायचे. मंग एका दुपारी तुझी दादी ओसरीवर निजली होती, डोक्यावरचा पदर सरकलेला. मी कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसले. जड झुमक्यांनी ओघळलेली कानाची पाळी, ओठांभोवतीच्या चुण्या, हनुवटीखालची सैल कातडी, सगळं तिचं उचललं आणि माझ्या नाकाडोळ्यांभोवती बसवलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर पदर ओढून उठून बसली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा घुंघटच दिसतो, तुला माहीत आहे. वडीगोद्रीच्या आपल्या दुकानात अख्खं गाव येऊन जातं, पण दादीचा, त्यांच्या पानबाईचा, चेहरा कुणी बघितलेला नाही. माझा घुंघट मात्र तिनंच काढायला लावला, तुझ्या दादाजींशी भांडून. घुंघटातून पोरीला रंग दिसायचे न्हाईत, म्हणाली होती. आणि त्याच बाईचा चेहरा मी हॉलमध्ये टांगला! लोक सुरकुत्यांवर बोटं फिरवत होते, म्हातारपण किती प्रामाणिकपणे मांडलंय म्हणत होते, आणि मी हसून थँक्यू म्हणत होते. लाज कशी वाटली नाही गं मला?

शेवटच्या दिवशी तुझे पप्पा तिला घेऊन आले. ती चित्रापुढे उभी राहिली, स्वतःच्या कानाला हात लावला आणि घुंघट हनुवटीपर्यंत ओढून घेतला. सासरच्या ज्या थोरामोठ्यांपुढे तो ओढायचा, त्यांच्यातलं आता कुणी उरलेलंही नाही. घरी आल्यावर, बिलकुल बराबर काढलंस बेटा, एवढंच बोलली आणि चहा ठेवायला गेली. तेव्हापासून ती घरातही घुंघटातच असते. माझ्यापुढे!

तो फोटो आधी काढून टाक. आणि सुट्टी घेऊन ये. चित्र मी चादरीत गुंडाळून ठेवलंय. ते ठेवायचं, खरवडायचं की त्याखाली तिचं नाव लिहायचं, हे तू तिला विचार. मी विचारलं तर सुनेचं मन मोडायला नको म्हणून ती ठेव म्हणेल. तुला खरं सांगेल. ती म्हणेल तसं मी करीन, पण तू जल्दी ये. मला तिचा चेहरा बघायचाय.

तुझीच,
मम्मी