बायकोच्या जोड्याचं माप

४ जानेवारी
पुन्हा तेच! बायकोसाठी शिवलेला जोडा तिला चढेना. सलग तिसरं वर्ष. लाकडी साचा लग्नाच्या वेळचाच — म्हणजे माझाच हात गेला. "अहो, कातडं आखडलं असेल," म्हणाली. तीस वर्षं जोडे शिवणाऱ्याची समजूत काढते!

५ जानेवारी
कातडं ओलं करून ताणलं. नाहीच.

११ जानेवारी
तिच्या टाचेवर फोड दिसले. जुने, नवे. मला वाईट वाटू नये म्हणून तीन वर्षं घट्ट जोडे रेटून घालत होती, आणि गप्प! आणि मी आडमुठा. गिऱ्हाइकाचं माप दरवेळी नव्याने घेतो, बायकोचं म्हणे तोंडपाठ. आज तिचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. साच्यापेक्षा अर्ध्या बोटाने मोठं! पन्नाशीत पाय वाढतात कुणाचे? अंगठीही साबण लावून काढावी लागली म्हणे.

१९ जानेवारी
साचा आणि कागद पिशवीत घालून, तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग तिला डोकेदुखीचं विचारलं. रक्त घेतलं, मेंदूचा फोटो काढायला सांगितला.

२ फेब्रुवारी
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वरून मेंदूचा हुकूम आला की ती बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. वाढीचा हार्मोनही तीच सोडते, आणि पुरे म्हटलं की थांबते. हिच्या ग्रंथीत गाठ झालीय — ती थांबतच नाही.
"कुणाचं ऐकत नाही? मग ह्यांच्यावर गेलीय!" बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू येईना.
गाठ कॅन्सरची नाही, पण तशीच ठेवली तर हृदयावर ताण येईल. नाकातून ऑपरेशन. "साचा आणलात ते बरं केलंत, बऱ्याच जणांचं फार उशिरा कळतं," म्हणाल्या. तेवढाच धीर. तिच्याशिवाय मी — लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी
झालं! शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारावं? "जेवलात का?"

२० फेब्रुवारी
घरी आली. त्या कागदावरून नवा साचा कोरला, जोडा शिवला. चपखल बसला. हात शाबूत आहे माझा!

११ मार्च
हार्मोन ताळ्यावर. वाढलेली हाडं तशीच राहतील, सूज मात्र उतरेल म्हणे. बघू.

२८ मार्च
"अहो, रागावू नका. जोडा सैल होतोय."
दुकानात कुणी असं म्हटलं असतं तर लाजेने मान खाली गेली असती. तिला म्हटलं, पुन्हा म्हण!