दहा नॉट जास्त

सोम. २० जाने.
सुरेखाबरोबर सात लँडिंग. पोरगी सुरगाण्याची, बाप जीप चालवतो. हात छान आहे, पण वेग! रनवेआधीचं कुंपण ओलांडताना साठ नॉट हवेत, ही सत्तरने येते. मग विमान टेकायलाच तयार नाही, नुसतं तरंगत राहतं, इकडे रनवे संपत येतो. घाईने खाली दाबलं की पुढचं चाक आधी आपटणार. म्हटलं, "बाई, ही जीप नव्हे." हसली. शुक्रवारी विमान घेऊन एकटीला सोडायचंय. आणतो वठणीवर. एकतीस जण घडवलेत, ही बत्तिसावी.

मंगळ. २१
पुन्हा सत्तर. पाचव्या वेळी दोनदा उसळलो. मी कंट्रोल घेतला, पॉवर लावली, परत वर. खाली आल्यावर झाप झाप झापलं. "एकटी असतीस तर चाक मोडून नाक घासत गेली असतीस!"
रडली नाही. म्हणाली, "सर, मी तुमच्यासारखंच करते."
उद्धट? छे, तशी नाही ती. पण डोक्यातून जाईना.

बुध. २२
आज मी उतरवलं. तिने फक्त कुंपणावरचा आकडा वाचायचा.
"सत्तर."
"एकाहत्तर, सर."
तिसऱ्यांदा जपून आलो. "अडुसष्ट."
माझा हात मुरलेला, जादा वेग जिरवतो, कळतही नाही. एकदा वावटळीत कुंपणापाशीच विमान धपकन खाली गेलं होतं. तेव्हापासून असू द्यावेत थोडे जास्त... थोडेचे दहा झाले. आणि म्हणे वस्ताद! लाज वाटली, तिला सांगूनही टाकलं.
"मग दोघंबी साठनं उतरू ना, सर."

गुरु. २३
तिचे साठ, साठ, एकसष्ट, साठ. माझेही साठ. अर्धा रनवे उरला. उद्या सोडतो तिला, बिनधास्त.
दुपारी विद्यार्थ्यांची जुनी वही काढली. बरेच जण मोठ्या विमानांवर, त्यांना पुढे दुसऱ्यांनी घासूनपुसून घेतलं असेल. दोघं मात्र छोट्या विमानांवर, स्वतः शिकवतात.
पहिल्याला फोन. "कुंपणावर किती ठेवतोस रे?"
"तुम्ही ठेवायचात तेवढेच, सर!" केवढा अभिमान.
"बस जरा. मी चुकीचं शिकवलंय."
अर्धा तास बोललो. ऐकलंन.
दुसऱ्याचा बंद. त्याच्या ऑफिसात विचारलं, तर विद्यार्थ्याला घेऊन वर गेलाय. उतरला की आधी मला फोन करायला सांगितलंय.